नर्सबाईंच्या घरचं माणूस

नर्सबाई गेल्या, त्याच्या पुढच्या आठवड्यात घुग्घुसच्या आमच्या विहारात त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला होता, आणि सूत्रसंचालन नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात पडलं. बस्तीत लग्न असो, जयंती असो की श्रद्धांजली, "मास्तरीणबाईले सांगा, ते बोलते चांगलं" असं म्हणून लोक माइक माझ्याच हातात कोंबतात. मी चंद्रपूरच्या एका शाळेत मराठी शिकवते, एवढाच माझा गुन्हा. या वेळी मात्र कोणी सांगितलं नसतं तरी मी माइक हिसकावून घेतला असता.

सकाळी विहाराच्या पायऱ्यांवरच नर्सबाईंचे धाकटे भाऊ भेटले. चामोर्शीकडे त्यांची धानाची शेती. पांढरा सदरा, पांढरं धोतर, आणि दोन्ही हात जोडलेले.

"मास्तरीणबाई, एक विनंती हाये. आमच्या बाईनं लगन नाई केलं, सारा जलम समाजासाठी देला, एवढंच बोलजा. बाकी काई काढू नका. सोयरे आले हायेत, पोरीबाळीचं घर हाये आमचं."

माणूस शिव्या देत आला तर मला परवडतो, मलाही देता येतात. हात जोडून तोंड दाबायला आलेल्या माणसाचं काय करायचं हे मला आजवर कळलेलं नाही. मी "बघते" म्हणाले आणि आत गेले. तिथं कमिटीच्या अध्यक्षांनी तेच सांगितलं, फक्त जरा साहित्यिक भाषेत. आजन्म अविवाहित, त्यागमूर्ती वगैरे. माझं डोकं तापलं. कारण नर्सबाई त्यागमूर्ती नव्हत्या. त्यांनी काहीही त्यागलं नव्हतं. त्यांना टेलरबाई हव्या होत्या, त्या त्यांनी मिळवल्या, आणि माझं निम्म्याहून जास्त आयुष्य होऊन गेलं तेवढी वर्षं त्या दोघींनी आमच्या गल्लीत संसार केला. वर ते सगळ्यांना सांगितलं. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत हे उघड सांगणाऱ्या पहिल्या बाया त्याच असाव्यात. निदान त्यांच्या आधी कोणी सांगितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

नर्सबाईंचं आता काही बिघडणार नव्हतं, त्या गेल्या होत्या. प्रश्न टेलरबाईंचा होता. आजच्या दिवशी चार लोकांत त्यांना नर्सबाईंचं माणूस म्हटलं जाणार होतं, की "सोबत राहणारी एक बाई" म्हणून त्या कोपऱ्यात उभ्या राहणार होत्या? आज नाही म्हटलं तर पुढं कधीच म्हटलं जाणार नव्हतं.

मला हे एवढं का लागलं, ते सांगायचं तर भज्यांपासून सांगावं लागेल.

मी आठवीत होते. नागपुरात बायांचा मोठा मेळावा भरला होता आणि नर्सबाई दवाखान्यातून सुटी काढून टेलरबाईंना घेऊन तिकडे गेल्या होत्या. तिथं या दोघींसह काही बाया हातात पाटी धरून उभ्या राहिल्या. आम्ही बायांवर प्रेम करणाऱ्या बाया आहोत, असं त्या पाटीवर साध्या मराठीत लिहिलेलं होतं. पेपरवाल्यानं फोटो काढला. कोणी ओढणी तोंडावर घेतली, कोणी पाटीच वर धरून तिच्यामागे चेहरा लपवला. त्यांना मी नावं ठेवत नाही. प्रत्येकीच्या घरी कोणी ना कोणी वाट बघत बसलेलं होतं. या दोघींची तोंडं तेवढी उघडी होती. टेलरबाई खाली बघत होत्या आणि नर्सबाई कॅमेऱ्याकडे अशा बघत होत्या, जशा त्या लसीच्या रांगेत मध्येच घुसणाऱ्या माणसाकडे बघायच्या.

तो पेपर आमच्याकडे किती जणांनी वाचला कोणास ठाऊक, पण आठवडी बाजारात त्याच पेपरात भज्यांच्या पुड्या बांधल्या गेल्या. बाबांनी खाणीच्या शिफ्टवरून येताना आणलेली पुडी मी सोडली, तर तेलकट कागदातून नर्सबाई माझ्याकडे बघत होत्या. आईनं कागद ओढून घेतला, चुरगळला आणि चुलीत घातला. तोवर मी वाचून मोकळी झाले होते.

वर्गातल्या एका मुलीला बघून मला जे व्हायचं ते जगात फक्त मलाच होतं, आणि तो कसला तरी आजार असणार, अशी तोवर माझी खात्री होती. मला कोणाशी बोलायची सोय नव्हती, कारण त्याला काय म्हणायचं तेच माहीत नव्हतं. त्या दिवशी कळलं की आमच्या गल्लीतल्या नर्सबाईंनाही तेच होतं. आणि त्या तर चांगल्या धडधाकट होत्या, रोज सायकलवर दवाखान्यात जात होत्या, कोंबडीवाल्याशी भांडत होत्या. मला इतकं हलकं वाटलं की बाकीच्यांच्या वाटची भजीही मीच खाल्ली.

बस्ती मात्र खवळली. त्यांच्या दारावर कोणीतरी कोळशानं नको ते लिहिलं. टेलरबाई फडकं घेऊन पुसायला निघाल्या तर नर्सबाईंनी हात धरला. "राहू दे. ज्यानं लिवलं त्याले रोज जाता-येता दिसू दे." ते पावसानंच धुऊन नेलं. दवाखान्यातल्या साहेबांकडे तक्रारीही गेल्या. पण बाळंतपणाच्या कळा काही तक्रारीचा निकाल लागेपर्यंत थांबत नाहीत. ज्या बाया रस्त्यात नर्सबाई दिसल्या की पदर सावरून बाजूला व्हायच्या, त्याच पोट धरून "नर्सबाईले बलवा व" म्हणून ओरडायच्या. नर्सबाई जायच्या, सगळं नीट करायच्या, आणि बाळ आईच्या कुशीत ठेवल्यावर दोन्ही हात तिच्या डोळ्यांसमोर धरून विचारायच्या, "आता सांग, काय लागलं हाये माह्या हाताले?" यात दयामाया नव्हती. मोठ्या मनाची वगैरे माणसं असतात तशा त्या अजिबात नव्हत्या. हिशोब त्या जागच्या जागी चुकता करायच्या, आणि मला त्या त्यासाठीच आवडायच्या.

एकदा माझ्या आईनंच त्यांना विचारलं होतं, "सगळ्यायनं तोंड झाकलं, तुमीच काऊन नाई झाकलं व बाई?"

"काऊन झाकू? चोरी केली का आमी?" नर्सबाई म्हणाल्या. "अन् आमी दिसलोच नाई, त आमच्यासारखी एखादी पोट्टी कुठी कोपऱ्यात रडत बसली असन, तिले कसं समजन का आमी हाओत?"

मी दाराआड उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, पण त्यांना माहीत होतं असं मला आजही वाटतं.

त्याच वर्षी विहारात वर्षावासाचं भांडण झालं. पावसाळ्याचे तीन महिने आमच्याकडे रोज एका घराचं भोजनदान असतं. त्या दिवशी सकाळी विहारावरच्या कर्ण्यातून त्या घराचं नाव पुकारतात, आणि ते पार खाणीच्या रस्त्यापर्यंत ऐकू जातं. नर्सबाईंनी सांगितलं, आमचंही घर आहे, आमच्या दोघींची नावं एकत्र पुकारा. कमिटी म्हणाली, दोघींनी वेगवेगळं दान द्या, आम्ही दोन दिवस पुकारू. त्यावर नर्सबाई भर सभेत उभ्या राहिल्या.

"छप्पन साली आमच्या मायबापायनं दीक्षा घेतली," त्या म्हणाल्या, "ते काय एका दाराबाहेरून उठून दुसऱ्या दाराबाहेर बसाले?"

कमिटीनं दोघींना एकच दिवस लावून दिला. पुकारणाऱ्याचा आवाज अडखळला, पण नावं एकत्र गेली. कोळशाच्या ट्रकवाल्यांपासून शिफ्टवर निघालेल्या माणसांपर्यंत सगळ्यांनी ती ऐकली. मग दर वर्षी जायला लागली आणि लोकांना सवय झाली. मोर्चे, घोषणा, व्यासपीठं हे सगळं मी पुढं शहरांत पुष्कळ पाहिलं, भारावून गेले, आजही जाते. पण कर्ण्यावरून खीर आणि भाताच्या जोडीनं पुकारलेली ती दोन नावं मला त्या सगळ्यांच्या वर वाटतात.

बोलण्याचं सगळं खातं नर्सबाईंकडे होतं. टेलरबाई बोलत नसत. माइक समोर केला तर त्या खरोखर घाबरून मागे सरकायच्या. त्यांचं काम त्या मशीनवर बसून करायच्या, आणि ते काम काय होतं हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

घुग्घुसमध्ये टेलरबाईंची एक ख्याती होती. शाळेचे ड्रेस, पेटीकोट, पडदे, सगळं झकास. पण ब्लाउज म्हणाल तर पहिल्या फेरीत कधी बसायचा नाही. कुठं काखेत घट्ट, कुठं बाही तोकडी. माझी आई वैतागून म्हणायची, "एवढ्या दुरून पोरी तिच्याचकडे काऊन येते, मले समजतच नाई." पोरी खरोखर दुरून यायच्या. बल्लारपूरहून, चामोर्शीहून, एक तर सिरोंच्याकडून एसटी बदलत बदलत यायची आणि निम्मं तेलुगूत बोलायची. मुलीच्या जातीला घरातून एकटं निघायला कारण लागतं, आणि ब्लाउजइतकं बिनतोड कारण दुसरं नाही. त्याला बाप हरकत घेत नाही आणि भाऊ सोबत येत नाही. माप द्यायला एक फेरी, घालून बघायला दुसरी, आणि बसला नाही म्हणून उसवून आणायला तिसरी. पोरीला अजून बोलायचं असलं की टेलरबाई तिचा ब्लाउज मुद्दाम थोडा घट्ट शिवायच्या.

मशीन चालत राहायची, पोरगी बोलत राहायची. कोणाचं लग्न ठरवलेलं असायचं, कोणी विष आणून ठेवलेलं असायचं, कोणाची मैत्रीण नांदायला गेलेली असायची. संध्याकाळी नर्सबाई येऊन काय करायचं ते ठरवायच्या. चहा व्हायचा. दार कधी लावत नसत. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही आत दोन बाया आणि एक पोरगी दिसायची, आणि कोणाला काही वाटायचं नाही. चांगली कारागीर बाई, पण तिनं गावात आपल्या ब्लाउजची बदनामी इतकी वर्षं हसत सहन केली. माझाही पहिला ब्लाउज त्यांनीच शिवला. तो बसायला मला सबंध उन्हाळा लागला.

आज मी चंद्रपुरात माझ्या जोडीदारणीबरोबर राहते. घरमालकाला माहीत आहे, शाळेतल्या निम्म्या लोकांना माहीत आहे, आईला माहीत आहे आणि ती आता आमच्या दोघींसाठी लोणचं पाठवते. हे सगळं माझ्या हिमतीवर झालं असं कोणी म्हटलं की मला हसू येतं. हिंमत त्या दोघींनी आधीच करून ठेवली होती.

तर अशा बाईंना त्यागमूर्ती म्हणायला मला सांगितलं होतं.

मी विहारात टेलरबाईंना शोधायला लागले. पुढं फोटोजवळच्या सतरंजीवर भाऊ, त्यांची सून, नातवंडं, सोयरे पांढऱ्या कपड्यांत बसलेले. टेलरबाई तिथं नव्हत्या. त्या मागच्या अंगणात होत्या, चुलीपाशी. महिला मंडळाच्या बाया वांगी चिरत होत्या, भाताचा मोठा गंज चुलीवर चढलेला होता, आणि टेलरबाई मोठा सराटा घेऊन वरण ढवळत होत्या. विहारातला कुठलाही स्वयंपाक असला की मीठ त्यांनीच घालायचं, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. बायांनी सकाळी मोठ्या मायेनं त्यांना हाक मारली होती, "या व बाई, तुमच्याशिवाय अंदाज कोणाले हाये," आणि त्या येऊन बसल्या होत्या. गेल्या आठवडाभर त्या अशाच कामात होत्या. येणाऱ्यांना चहा, भावाच्या माणसांची अंथरुणं, भन्तेंची व्यवस्था. त्यांना रडताना कोणी पाहिलं नव्हतं. रडतील कशा? कोणी त्यांना भेटायला आलंच नव्हतं. लोक येत होते ते भावाला भेटायला.

मी म्हटलं, "बाई, चला ना पुढं."

"थांब व, वरणाले उकळी येऊन राह्यली," असं म्हणून त्यांनी तोंड वळवलं.

कार्यक्रम सुरू झाला. त्रिशरण-पंचशील झालं, परित्राणपाठ झाला. मग माझी पाळी आली. मी म्हटलं, "नर्सबाईंच्या परिवारानं पुढे येऊन मेणबत्ती लावावी." भाऊ उठले. त्यांच्या हातात काडेपेटी होती.

"भाऊ, जरा थांबा," मी माइकमधूनच म्हणाले. "परिवार अजून पूर्ण आला नाही. ज्यांच्याबरोबर नर्सबाईंनी संसार केला त्या टेलरबाई यायच्या आहेत. त्या आल्याशिवाय आपण पुढं जाणार नाही."

अध्यक्ष माझ्याकडे असे बघत होते, जणू मी बुद्धमूर्तीसमोर पान थुंकले. भाऊ खाली बघत उभे राहिले. पण कर्णा चालू होता, आणि मी म्हटलेलं पार खाणीच्या रस्त्यापर्यंत गेलं होतं. ते आता परत आणता येणार नव्हतं.

अंगणात काय झालं ते मला नंतर आईनं सांगितलं, ती तिथंच वांगी चिरत होती. मंडळातली सगळ्यात म्हातारी बाई भाताचं झाकण काढत होती. पेपरातल्या त्या फोटोपासून या म्हातारीनं नर्सबाईंच्या घरचा चहा कधी घेतला नव्हता. माझं बोलणं कर्ण्यातून आलं तशी तिचा हात थांबला. तिनं टेलरबाईंकडे बघितलं, सराट्याकडे बघितलं, आणि कपाळावर हात मारला.

"अवं, आपून काय करून राह्यलो व! जिच्या घरचं माणूस गेलं, ते सयपाक करते काय?"

आमच्या बस्तीत ही रीत कोणाला सांगावी लागत नाही. दुःखाच्या घरानं चुलीला हात लावायचा नसतो. रांधायचं शेजाऱ्यांनी, घरच्यांनी बसायचं. सगळ्या बायांना हे पाठ होतं. तरी सगळ्यांनी मिळून, मायेनं, नेमकं त्याच बाईला चुलीपाशी बसवलं होतं, आणि सकाळपासून एकीच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

म्हातारीनं सराटा ओढून घेतला. टेलरबाई म्हणाल्या, "मीठ तं पाहू दे, कमी हाये थोडं."

"राहू दे कमी. तू जाय. तुह्या जागी जाऊन बस."

टेलरबाई आत आल्या तेव्हा त्यांच्या पदराला राख लागलेली होती आणि हात ओले होते. त्या फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या. भाऊंनी त्यांच्याकडे बघितलं, मग सोयऱ्यांकडे बघितलं. शेवटी ते सतरंजीवर थोडे बाजूला सरकले आणि काडेपेटी टेलरबाईंच्या हातात दिली. एवढंच. पण त्या माणसाला तेवढंही सोपं नव्हतं, आणि सकाळचा माझा राग तिथंच निवला.

मेणबत्ती लागली. मी पुढचं नाव पुकारणार, एवढ्यात टेलरबाईंनी माझ्यापुढं हात केला. मला वाटलं त्यांना आधार हवा आहे. त्यांना माइक हवा होता.

"मले बोलता येत नाई," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता की मी माइक त्यांच्या तोंडाला टेकवला. "बोलाचं काम तिचं होतं. आता ते नाई, म्हणून मी बोलून राह्यली. आमी बहिणी नोतो. मैत्रिणी म्हणून बी नाई राह्यलो. नवरा-बायको राह्यते तशा राह्यलो. तुमाले सगळ्यायले मालूम हाये. तिनं कोणापासून लपवलं नाई, तं मी आज काऊन लपवू? ते गेल्यावर मले कोणी विचारलं नाई का तुले कसं वाटते. मले..."

पुढं त्यांना जमलं नाही. त्या माइक धरून नुसत्या उभ्या राहिल्या. तेवढ्यात ती म्हातारी अंगणातून तशीच, सराटा हातात घेऊन आत आली. माणसं ओलांडत पुढं गेली, सराटा खाली टाकला आणि टेलरबाईंच्या गळ्यात पडली, जशा आमच्याकडे बाया नवरा गेलेल्या बाईच्या गळ्यात पडतात. "कशी वं टाकून गेली तुले," असं म्हणत तिनं सूर धरला. तिच्यामागून बाकीच्या बाया आल्या, त्यांच्यात माझी आईही होती. आणि टेलरबाई मोठ्यानं रडल्या, नर्सबाईंचं नाव घेऊन, ऊर फुटेस्तोवर रडल्या.

अध्यक्षांनी मला खूण केली, माइक बंद करा. तो टेलरबाईंच्या मुठीत तसाच होता, कर्ण्याचं बटण माझ्या हाताशी होतं, आणि बाहेर गल्लीभर, रस्त्यावरच्या ट्रकांपर्यंत त्यांचं रडणं ऐकू जात होतं. मी बटणाला हात लावला नाही.